वरच्या कोर्टाकडे काय मागावं

दाव्याचा निकाल विरुद्ध लागला की कोर्टाच्या पायऱ्या उतरता उतरताच पक्षकार म्हणतो, "जाऊ वर." बांधाच्या भांडणापासून फ्लॅटच्या वादापर्यंत सगळीकडे हेच ऐकू येतं. त्या दोन शब्दांत संताप असतो, आशा असते आणि पुष्कळदा एक गैरसमजही असतो. वर आपली केस नव्याने चालेल, राहिलेले साक्षीदार तिथे देता येतील, तिथले साहेब मोठे म्हणून त्यांना आपलं खरं पटेल, असं माणूस धरून चालतो. मग सोनं मोडलं जातं, जमीन गहाण पडते, मुलं मोठी होतात, आणि शेवटी हातात एकच ओळ येते: अपील फेटाळण्यात येत आहे.

अपील करू नका, असं मी सांगणार नाही. अपील हा कायद्याने दिलेला मोलाचा हक्क आहे. या हक्कामुळे फाशीची शिक्षा झालेली निरपराध माणसं जिवंत घरी परतली आहेत. माझी विनंती एवढीच की अपील ऐकणारे न्यायाधीश नेमकं कोणतं काम करतात, त्यांच्यावर कोणती बंधनं आहेत आणि कोणती जबाबदारी आहे, हे आधी समजून घ्या. त्यांच्याकडे काय मागायचं आणि काय मागायचं नाही, हे मग आपोआप कळतं. जे मिळणारच नाही त्याच्यापायी आयुष्य जात नाही, आणि जे मिळायलाच हवं ते ताठ मानेने मागता येतं.

समोर माणूस नसतो, दप्तर असतं

पहिल्या कोर्टात साक्षीदार न्यायाधीशांसमोर उभा राहतो. उलटतपासणीत तो कुठे अडखळला, कोणत्या प्रश्नाला वकिलाकडे पाहू लागला, कोणतं उत्तर त्याने न कचरता दिलं, हे तिथले न्यायाधीश डोळ्यांनी पाहतात. अपिलाच्या न्यायाधीशांना यातलं काहीच दिसत नाही. त्यांच्यासमोर येतं खालच्या कोर्टाचं दप्तर: दावा, कैफियत, काढलेले मुद्दे, नोंदवलेल्या साक्षी, निशाणी पडलेले कागद, रोजनामा आणि निकालपत्र. कोर्टात याला 'आर अँड पी' म्हणतात. एकदा हे दप्तर वर गेलं की तुमची बाजू म्हणजे त्यात जे आहे तेवढीच.

यातून दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे, कोणता साक्षीदार खरा वाटला याबाबत खालच्या न्यायाधीशांच्या मताला वरचे न्यायाधीश मान देतात. त्यांनी साक्षीदार पाहिला, आपण पाहिला नाही, ही जाणीव ठेवणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. म्हणून "माझा साक्षीदार खरा बोलत होता हो" एवढ्यावर अपील जिंकता येत नाही. साक्षीतला एखादा महत्त्वाचा भाग खालच्या कोर्टाने पाहिलाच नाही, किंवा तोंडी साक्ष कागदाशी जुळत नसताना ती मान्य केली, असं दाखवावं लागतं.

दुसरी गोष्ट अधिक जिव्हाळ्याची. बांधाचा दावा घ्या. शेजाऱ्याने चार गुंठे रेटले, अशी तुमची तक्रार आहे. तुम्ही मोजणी करून घेतली, नकाशा दाखल केला, पण मोजणी करणाऱ्या भूमापकाला साक्षीला बोलावलं नाही. कोर्ट कमिशनर नेमायचा अर्ज केला नाही. 'नकाशा बोलतोच आहे की,' असं वाटलं. खालच्या कोर्टाने म्हटलं, अतिक्रमण शाबीत झालं नाही. आता तुम्ही अपिलात सांगता की भूमापकाला बोलवा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम २७ मध्ये अपिलात नवा पुरावा घेण्याची वाट आहे, पण ती अरुंद आहे. घ्यायला हवा होता असा पुरावा खालच्या कोर्टाने नाकारला असेल, किंवा पुरेशी खटपट करूनही तो तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हता वा मिळत नव्हता, किंवा खुद्द अपील कोर्टाला निकाल देण्यासाठी वा तशाच सबळ कारणासाठी त्याची गरज वाटली, तरच ती उघडते. "तेव्हा सुचलं नाही" किंवा "आधीच्या वकिलांनी सांगितलं नाही" हे तिथे चालत नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं अपिलाबद्दलचं असूनही खालच्या कोर्टाशी निगडित आहे. अपिलाची तयारी दावा लावण्याच्या दिवशी सुरू होते. तालुक्याच्या कोर्टाला किरकोळ समजू नका. खरा खटला तिथेच होतो. प्रत्येक महत्त्वाच्या कागदावर निशाणी पडली का, हे वकिलांना विचारा. तुमच्या साक्षीचं प्रतिज्ञापत्र सही करण्याआधी शब्द न् शब्द वाचा. वाचता येत नसेल तर विश्वासू माणसाकडून वाचून घ्या. एखादा अर्ज नामंजूर झाला असेल तर त्याचा आदेश दप्तरात आहे ना, ते पाहा. कागदावर उतरलं नाही ते वरच्या न्यायाधीशांच्या दृष्टीने घडलंच नाही.

पहिलं अपील आणि दुसरं अपील यांत जमीन-अस्मानाचं अंतर

पहिलं अपील खऱ्या अर्थाने मोठं असतं. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात, आणि वरिष्ठ स्तरावरच्या दाव्याच्या किमतीनुसार जिल्हा न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात ते जातं. तिथे वस्तुस्थिती आणि कायदा असं दोन्ही पुन्हा तपासता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली संतोष हजारी खटल्यात ही जबाबदारी स्पष्ट केली. पहिल्या अपिलाच्या निकालात न्यायाधीशांनी स्वतः विचार केल्याचं दिसलं पाहिजे, प्रत्येक मुद्द्यावर कारणं दिली पाहिजेत, आणि खालचा निकाल फिरवायचा असेल तर खालच्या न्यायाधीशांच्या युक्तिवादाला थेट भिडून तो का पटत नाही हे लिहिलं पाहिजे. आदेश ४१, नियम ३१ हेच सांगतो: निकालपत्रात विचारात घेतलेले मुद्दे, त्यांवरचा निर्णय, त्याची कारणं, आणि निकाल फिरवला असेल तर कोणती दाद दिली, हे सगळं असलं पाहिजे.

पण चूक दाखवली की जिंकलो, असंही नाही. संहितेचं कलम ९९ सांगतं की खटल्याच्या गुणदोषांवर किंवा कोर्टाच्या अधिकारावर परिणाम न करणाऱ्या चुकीसाठी हुकूमनामा फिरवायचा नाही. रोजनाम्यात तारीख चुकली, निकालपत्रात नाव चुकलं, यावर अपील उभं राहत नाही. ज्या चुकीमुळे निकालाचीच दिशा बदलली, ती चूक शोधा.

तसंच "केस परत खाली पाठवा" ही मागणी विचार करून करा. अपील कोर्टाला तसा अधिकार आहे, पण दप्तरातल्या पुराव्यावर स्वतःच निकाल देता येत असेल तर देणं हे त्यांचं कर्तव्य आहे. केस परत गेली की पुन्हा तारखा, पुन्हा साक्षी, पुन्हा अपील. वेळकाढूपणासाठी ही मागणी करणारा माणूस शेजाऱ्याइतकंच स्वतःचंही नुकसान करून घेतो.

दुसरं अपील उच्च न्यायालयात जातं, आणि बहुतेकांची फसगत होते ती इथे. १९७६ च्या दुरुस्तीनंतर कलम १०० खाली दुसरं अपील फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर चालतं. तो प्रश्न उच्च न्यायालयाने आधी नेमक्या शब्दांत मांडायचा, आणि मग त्यावर सुनावणी करायची. ताबा कोणाचा होता, पैसे दिले की नाही, सही कोणाची, यांवर दोन कोर्टांनी एकच उत्तर दिलं असेल तर तिसऱ्यांदा तेच विचारायला उच्च न्यायालय ही जागा नाही. पुराव्याचा लवलेशही नसताना किंवा पुराव्याच्या उघड विरुद्ध निष्कर्ष काढला असेल, तर ती गोष्ट निराळी. पैशाच्या वसुलीचा दावा पंचवीस हजार रुपयांपर्यंतचा असेल तर दुसरं अपील मुळात नाहीच. तेव्हा उच्च न्यायालयाचा खर्च पत्करण्यापूर्वी वकिलांना सरळ विचारा: "माझ्या केसमध्ये कायद्याचा प्रश्न कोणता? मला मराठीत, एका वाक्यात सांगा." असं वाक्य तयार होत नसेल, तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असं समजा.

न्यायाधीशांचं पहिलं कर्तव्य: संपूर्ण वाचणं

१९१६ साली लोकमान्य टिळकांच्या तीन मराठी भाषणांवरून, दोन अहमदनगरची आणि एक बेळगावचं, पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने त्यांच्याकडून वर्षभर चांगल्या वर्तणुकीसाठी वीस हजार रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी दहा हजारांचे दोन जामीन मागितले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे राहिले. न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांनी नोव्हेंबरमध्ये तो हुकूम रद्द केला. भाषणांतली सुटी वाक्यं उचलून अर्थ लावायचा नाही, भाषण सबंध वाचून त्याचा एकूण रोख काय आहे ते पाहायचं, अशी त्यांची भूमिका होती. तांत्रिकदृष्ट्या ते अपील नव्हतं, पुनरीक्षणाचा अर्ज होता. पण वरच्या न्यायाधीशाने काय करायचं असतं, याचा तो स्वच्छ नमुना आहे. सत्ता परक्यांची, आरोपी सरकारला नकोसा झालेला, काळ महायुद्धाचा. तरीही कागद पूर्ण वाचला गेला आणि निकाल त्या वाचनातून आला.

वाचण्यात कसूर झाली तर काय होतं, हेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. २००३ साली नाशिक जिल्ह्यात एका कुटुंबावर दरोडा पडला, खून आणि बलात्कार झाले. भटक्या समाजातल्या सहा गरीब मजुरांना पकडण्यात आलं. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना पुन्हा फाशी सुनावली. पुढे त्याच न्यायालयाने तो निकाल मागे घेऊन अपिलं नव्याने ऐकली आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडलं. घटनेनंतर लगेच प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांकडच्या फोटोंमधून चार वेगळ्याच माणसांना ओळखलं होतं. त्या चौघांच्या दिशेने तपास गेलाच नाही. एवढी मोठी गोष्ट इतक्या सुनावण्यांतून गेली तरी तिला तिचं वजन मिळालं नाही, आणि सहा माणसांची जवळजवळ सोळा वर्षं तुरुंगात गेली. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. गेलेली वर्षं मात्र कोणाला परत देता आली नाहीत.

हा दाखला कोर्टावरचा विश्वास उडवण्यासाठी मी देत नाही. चूक झाली तीही अपिलात आणि सुधारली तीही अपिलातच. यावरून समजून घ्यायचं ते असं की वरच्या न्यायाधीशांचा मोठेपणा त्यांच्या खुर्चीत नसतो, दप्तराचं शेवटचं पान वाचण्याच्या त्यांच्या चिकाटीत असतो. आणि त्या पानाकडे त्यांचं लक्ष वेधणं हे तुमच्या वकिलांचं काम आहे. अपिलाच्या मेमोत "निकाल बेकायदेशीर आणि अन्यायकारक आहे" असं दहा वेळा लिहिण्यापेक्षा "निशाणी ४२ वरच्या पावतीचा खालच्या कोर्टाने उल्लेखही केलेला नाही" हे एक वाक्य लाख मोलाचं ठरतं.

फौजदारी अपील: जिथे माणसाचं स्वातंत्र्य टांगणीला लागतं

फौजदारी अपिलात न्यायाधीशांची जबाबदारी आणखी जड होते. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, पण अपिलाची मूळ तत्त्वं जुनीच आहेत. फाशीची शिक्षा सत्र न्यायालयाने दिली तरी उच्च न्यायालयाने ती कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, मग आरोपीने अपील करो वा न करो. दोन न्यायाधीशांचं मत जुळलं नाही तर प्रकरण तिसऱ्या न्यायाधीशांकडे जातं. वकील हजर नाही म्हणून शिक्षेविरुद्धचं अपील नुसतं काढून टाकता येत नाही. दप्तर वाचून गुणदोषांवरच निकाल द्यावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बनी सिंग खटल्यात सांगितलं आहे. तुरुंगात असलेल्या माणसाला तुरुंग अधिकाऱ्यामार्फत अपील पाठवता येतं. तुमच्या ओळखीचं कोणी आत असेल आणि पैशाअभावी गप्प बसलं असेल, तर हे त्याच्यापर्यंत पोहोचवा. कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. महिला, बालकं, अपंग आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींनाही हाच हक्क आहे.

शिक्षेविरुद्ध अपील केलं म्हणून गुपचूप शिक्षा वाढवली जाईल, या भीतीने काही जण अपील टाळतात. शिक्षा वाढवायची असेल तर कारणे दाखवण्याची संधी आरोपीला आधी द्यावी लागते. न सांगता शिक्षा वाढत नाही.

आता दुसरी बाजू. आरोपी सुटला आणि फिर्यादीच्या घरात संताप उसळला, असं अनेकदा होतं. निर्दोष सुटण्याविरुद्ध अपील करण्याचा हक्क २००९ च्या शेवटापासून पीडित व्यक्तीलाही मिळाला आहे. आरोपी सुटला, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला, किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर पीडित व्यक्ती स्वतः अपील करू शकते; सरकारने अपील करावं म्हणून वाट पाहत बसावं लागत नाही. पण तिथल्या न्यायाधीशांचे हात कशाने बांधलेले आहेत, हेही समजून घ्या. आरोपी मुळातच निर्दोष मानला जातो, आणि एका कोर्टाने सोडल्यावर ते गृहीत आणखी बळकट होतं. पुराव्यावरून दोन मतं सारखीच शक्य असतील तर सुटकेचं मत कायम ठेवायचं, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली चंद्रप्पा खटल्यात नीट मांडलं आहे. हे तत्त्व गुन्हेगारांच्या सोयीसाठी नाही. उद्या तुमच्या मुलावर खोटा आळ आला तर त्याला वाचवणारं तत्त्व हेच आहे.

वरचं कोर्टही चुकतं, तेव्हा काय करावं

१९७२ साली, आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला झाला. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं. नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये तो निकाल फिरवला. भीतीपोटी हतबल होणं म्हणजे संमती नव्हे, असं त्या न्यायाधीशांनी म्हटलं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराची खूण नाही, असं म्हणत पोलिसांना पुन्हा सोडलं. सर्वांत वरचं कोर्ट बोललं होतं. पुढे अपील नव्हतं.

तेव्हा उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यांनी निकालपत्र बारकाईने वाचलं, पुरावा समोर ठेवला आणि संमती हा निष्कर्ष त्यातून कसा निघतो, असं विचारलं. देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराची वेगळी तरतूद आली आणि अशा प्रकरणात स्त्रीने संमती नव्हती असं सांगितलं तर कोर्टाने ते गृहीत धरायचं, असा नियम आला.

निकालावर टीका करण्याची ही रीत आहे. अंतिम निकालाच्या गुणदोषांवर केलेली रास्त टीका म्हणजे न्यायालयाचा अवमान होत नाही, असं १९७१ चा अवमान कायदाच सांगतो. "पैसे खाल्ले असतील", "जात पाहून निकाल दिला" असं पुराव्याविना चहाच्या टपरीवर आणि मोबाईलवर पसरवणं सोपं असतं. त्याने ना तुमचा निकाल बदलतो, ना कायदा. निकालपत्र हातात घेऊन "या ओळीला आधार कुठे आहे?" असं विचारलं, तर न्यायव्यवस्थेला उत्तर द्यावं लागतं. माझी कळकळीची विनंती आहे: रागावा, पण वाचून रागावा.

न्यायाधीशांवरही याच प्रकारचं बंधन आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी ७ मे १९९७ रोजी स्वतःसाठी आचाराची तत्त्वं मान्य केली. कुटुंबातला सदस्य वकील असेल तर त्याने आपल्यासमोर उभं राहायचं नाही, नातेवाईक किंवा मित्र ज्यात गुंतला आहे ते प्रकरण ऐकायचं नाही, कुटुंब आणि स्नेह्यांपलीकडे कोणाकडून भेटवस्तू वा पाहुणचार घ्यायचा नाही, निकालाबद्दल मुलाखती द्यायच्या नाहीत, निकालपत्रानेच बोलायचं. ही तत्त्वं न्यायाधीशांची असली तरी निम्मी जबाबदारी आपली आहे. "साहेबांच्या गावचा माणूस आहे, शब्द टाकतो" असं म्हणणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच परत पाठवा. तो बहुतेक वेळा तुम्हाला लुबाडत असतो; आणि त्याचं म्हणणं खरं असलं तरी तसा मिळालेला निकाल हा न्याय नसतो.

निकाल राखून ठेवला आणि महिनोन्महिने लागलाच नाही, तरी तुम्ही हतबल नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली अनिल राय खटल्यात सांगितलं आहे की उच्च न्यायालयाने निकाल राखून ठेवल्यावर तीन महिन्यांत दिला नाही तर पक्षकार लवकर निकालासाठी अर्ज करू शकतो, आणि सहा महिने उलटले तर प्रकरण दुसऱ्या खंडपीठाकडे सोपवावं अशी मागणी करू शकतो. वेळेवर निकाल देणं ही मेहेरबानी नाही, न्यायाधीशांच्या कर्तव्याचाच तो भाग आहे.

निकाल लागल्या दिवशी काय करावं

आता हाताशी ठेवाव्यात अशा काही गोष्टी.

निकाल लागला त्याच दिवशी निकालपत्र आणि हुकूमनाम्याच्या प्रमाणित नकलेसाठी अर्ज करा. दिवाणी अपिलाची मुदत जिल्हा न्यायालयात तीस दिवस आणि उच्च न्यायालयात नव्वद दिवस असते. शिक्षेविरुद्धच्या फौजदारी अपिलाची मुदत उच्च न्यायालयात साठ दिवस आणि इतर न्यायालयांत तीस दिवस. फाशीच्या शिक्षेसाठी तीस दिवस. नक्कल मिळायला लागलेला काळ मुदतीतून वजा होतो, म्हणून अर्जाची आणि नक्कल मिळाल्याची तारीख जपून ठेवा. उशीर झाला तर दिरंगाई माफीचा अर्ज करता येतो, पण सबळ कारण आणि त्याचा पुरावा द्यावा लागतो. दवाखान्याचे कागद असतील तर ते जोडा. नुसतं "आजारी होतो" म्हणून भागत नाही.

अपील दाखल केलं म्हणजे स्टे मिळाला असं मुळीच नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते, नाहीतर समोरचा दरखास्त लावून ताबा घेऊ शकतो. पैशाचा हुकूमनामा असेल तर स्थगितीसाठी रक्कम जमा करायला किंवा हमी द्यायला कोर्ट सांगू शकतं. तेवढी तजवीज आधीच करा.

तडजोडीच्या हुकूमनाम्यावर अपील नाही. लोकअदालतीच्या निवाड्यावरही अपील नाही. म्हणून तिथे सही करण्याआधी प्रत्येक अट समजून घ्या. पण याच कारणासाठी लोकअदालत चांगलीही आहे, कारण वाद तिथे खरोखर संपतो आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. भाऊ-भावांतलं वाटप आणि शेजाऱ्यांमधला बांध, ज्यांना उद्याही एकमेकांची तोंडं पाहायची आहेत त्यांचे वाद, अपील चालू असतानाही तिथे नेता येतात. त्यात कमीपणा नाही.

पश्चिम महाराष्ट्र आणि दक्षिण कोकणातल्या वाचकांसाठी एक सोय झाली आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं असून कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याखाली येतात. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा ही ठिकाणं आधीपासून आहेतच. अंतर कमी झालं, ही मोठी गोष्ट आहे. पण कोर्ट जवळ आलं म्हणून अपील आपोआप खरं होत नाही, हेही ध्यानात ठेवा.

आणि सर्वांत महत्त्वाचं. नक्कल हातात आली की निकालपत्र स्वतः वाचा. इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून घ्या. शाळेतले मास्तर, शिकलेली लेक, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे वकील, कोणाचीही मदत घ्या. वाचताना वहीत तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. माझा कोणता पुरावा कोर्टाने पाहिलाच नाही? जो पाहिला तो कोणत्या कारणाने नाकारला? आणि ते कारण चुकीचं आहे हे दप्तरातल्या कोणत्या कागदावरून दाखवता येईल? तिन्ही उत्तरं सापडली तर बेधडक अपील करा, आणि ती वही वकिलांसमोर ठेवा. एकही सापडलं नाही आणि मनात उरला तो फक्त हरल्याचा राग, तर तो राग पुढच्या पिढीच्या डोक्यावर टाकू नका. बापाने लावलेला दावा नातू चालवतो आहे, अशी घरं आपल्याकडे कमी नाहीत.

अपिलाचे न्यायाधीश चुकणारच नाहीत, याची हमी कोणी देऊ शकत नाही. तुमचा कागद वाचला जाईल, तुमच्या मुद्द्याला उत्तर मिळेल आणि निकालाची कारणं तुम्हाला लेखी सांगितली जातील, हे मात्र त्यांचं कायद्याने ठरलेलं कर्तव्य आहे. ते हक्काने मागा. कारणांशिवाय निकाल आला तर त्याविरुद्ध आवाज उठवा, आणि कारणं पटण्यासारखी असतील तर निकाल विरुद्ध असूनही तो मान्य करण्याचं धाडस दाखवा.